हळदीच्या ड्रमची कडी, अठरा लाखांची नोटीस आणि पुण्याचे पेटंटवाले : साडेतीन स्टार

पेटंटच्या भांडणात माझी बाजू लढवणाऱ्या पुण्याच्या फर्मबद्दल हे लिहितोय, पण तिचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगतो. रागही नको आणि फोन करून विचारूही नका. समोरच्या कंपनीशी जो करार झाला त्यात गोपनीयतेचं कलम आहे. वकिलांचं नाव लिहिलं की कंपनी कोण हे आमच्या धंद्यातल्या माणसाला अर्ध्या तासात कळेल. त्यामुळं कंपनी नाही, फर्म नाही आणि शेवटी किती दिले तो आकडाही नाही. नोटिशीत काय मागितलं होतं ते सांगता येतं, कारण नोटीस कराराच्या आधीची. तसं फर्ममधल्या वकील मॅडमना विचारूनच लिहितोय, आणि विचारायचे पैसे लावले नाहीत, त्याचा अर्धा स्टार वर धरलाय.

मी कुपवाड एमआयडीसीत हळदीचे पॉलिश ड्रम बनवतो. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारे, शिजवून वाळवलेली हळद आत टाकायची, ड्रम फिरवायचा, साल आणि मुळ्या निघून गड्डा पिवळाधमक होऊन बाहेर. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (त्या भागाच्या मालाचं सरकारी मानांकन) मिळालं तेव्हापासून धंदा जरा बरा आहे, पण माझी निम्मी गिऱ्हाइकं आता हिंगोली, वसमत, नांदेडकडची. ड्रमला एक दरवाजा असतो आणि त्या दरवाजाला कडी. ड्रम फिरताना ती उघडली तर पाच-सहा क्विंटल हळद शिवारात. सगळं भांडण त्या कडीचं.

५ डिसेंबर २०२४ ला नोटीस आली. अकरा पानं इंग्रजी. धाकट्या मुलीनं वाचून दाखवली. आमच्या कंपनीकडं अमुक नंबरचं पेटंट आहे, तुमची कडी त्यात बसते, तुम्ही २०१८ पासून २१२ यंत्रं विकलीत, त्यावर सात टक्के रॉयल्टी, म्हणजे पेटंट वापरल्याचा मोबदला, व्याज, खर्च धरून अठरा लाख द्या, आणि इथून पुढं दर यंत्रामागं सात टक्के. चौदा दिवसांत लायसन घेतलंत तर ही ‘सवलत’, नाही तर दिल्ली हायकोर्ट. आणि सोबत एका निकालाचा दाखला : मार्च २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टानं लाव्हा मोबाइल कंपनीला एरिक्सनला २४४ कोटी द्यायला लावले तो. माझा वर्षाचा सगळा गल्ला सव्वा कोटीच्या आसपास. मुलगी २४४ कोटी म्हणाली आणि स्वयंपाकघरातला कुकर नेमका तेव्हाच शिट्टी देऊन गेला. मंडळी बाहेर येऊन विचारतात, कुणाला द्यायचेत एवढे?

माझं डोकं तेव्हा काय म्हणत होतं तेही प्रामाणिकपणे लिहितो, कारण बहुतेकांचं तेच म्हणतं. दोन लाख देऊन मिटवून टाकावं. डिसेंबर आहे, जानेवारीत काढणी सुरू, मार्च-एप्रिलपर्यंत माझा सीझन. त्या तीन-चार महिन्यांत कोर्टानं ‘विकू नको’ म्हटलं तर वर्ष गेलं. हे त्यांनाही ठाऊक होतं. नोटीस जूनमध्ये आली असती तर मी उशाला घेऊन झोपलो असतो.

सांगलीतल्या आमच्या वकील साहेबांनी हात वर केले, पेटंट आपला विषय नव्हे म्हणाले, आणि पुण्याचा पत्ता दिला. फर्म छोटी. एक सर, एक मॅडम, दोन-तीन पोरं. सर पेटंट एजंट, मॅडम वकील. हे बघून घ्या बरं का : पेटंट एजंट पेटंट ऑफिसात तुमची बाजू मांडू शकतो, कोर्टात उभा राहू शकत नाही. भांडण कोर्टाच्या वाटेवर असेल तर फर्ममध्ये सनद असलेला कुणीतरी पाहिजेच.

फोनवर मॅडमनी एकच गोष्ट सांगितली. कडी घेऊन या, जुनी असेल तर जुनीसुद्धा, आणि तोवर त्यांना ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही, काही लिहू नका. चौदा दिवसांचं काय, विचारलं. म्हणाल्या, “काका, ती मुदत त्यांनी घातलीय, कायद्यानं नाही. पंधराव्या दिवशी काही आभाळ पडत नाही.”

पिकअप काढली, दोन्ही कड्या गोणपाटात गुंडाळल्या आणि डेक्कनजवळच्या त्यांच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर खांद्यावरून नेल्या. लिफ्ट बंद होती. (पुढच्या दोन वेळाही बंदच होती. हा मुद्दा फर्मच्या खात्यात धरू नका, पण साठीकडं झुकलेला माणूस आठ किलो लोखंड घेऊन चढतोय हे बघून एखाद्या पोरानं खाली यावं एवढी अपेक्षा असते.)

आता जे झालं त्यासाठी मी हा सगळा प्रपंच लिहितोय. मॅडमनी पेटंटचा पहिला क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क आहे ते सांगणारा भाग, छापून काढला होता. सगळा मिळून एकच वाक्य, पण पाऊण पान. त्यांनी कात्री घेतली आणि त्या वाक्याच्या पट्ट्या कापल्या. सात पट्ट्या झाल्या. मग टेबलावर नवी कडी ठेवली आणि एकेक पट्टी तिच्या त्या त्या भागावर ठेवत गेल्या. फिरणारं पिंप, आहे. त्याला वक्र दरवाजा, आहे. दरवाजाला बिजागरी, आहे. आकडा, आहे. आकड्याला खाच, आहे. हात लावायची मूठ, आहे. सहा पट्ट्या लोखंडावर बसल्या. सातवी हातात राहिली. तीत लिहिलं होतं, आकडा खाचेत दाबून धरणारी स्प्रिंग.

माझ्या नव्या कडीत स्प्रिंग नाही. वजन आहे. आकड्याच्या शेपटीला पाऊण किलोचा गोळा वेल्ड केलाय, तो आपल्या भारानं आकडा खाचेत बसवतो आणि ड्रम फिरू लागला की आणखी घट्ट बसवतो. हे मी कुठल्या पेटंटला घाबरून केलं नव्हतं. हळदीच्या भुकटीनं स्प्रिंग जाम व्हायची, वसमतच्या पोरांनी शिव्या घातल्या, म्हणून जून २०२१ पासून बदललं. वर्कशॉपात आम्ही तिला ‘वजनी कडी’ म्हणतो.

मग मॅडमनी जुनी कडी ठेवली. सातही पट्ट्या बसल्या. खोलीत कुणी काही बोललं नाही. चहा आला.

म्हणजे २१२ पैकी ११५ यंत्रं वजनी कडीची आणि ९७ स्प्रिंगची. सातातला एक भाग नसला तर शब्दशः क्लेम लागत नाही. पण समोरचा म्हणू शकतो की वजन आणि स्प्रिंग एकाच कामाची, नुसता वेष बदललाय. तिथं निकाल कुठंही झुकू शकतो, असं मॅडम म्हणाल्या. मला हे आवडलं. ‘काळजी करू नका, आपण जिंकतोय’ म्हणणारा वकील माझ्या मेव्हण्यानं एकदा केला होता, त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी.

पुढचे दहा दिवस त्यांनी शोधाशोध केली. याचे ३८,००० घेतले. त्यातला सर्वांत कामाचा कागद भारतीय पेटंट ऑफिसच्या इनपास नावाच्या संकेतस्थळावर फुकट पडला होता. तुम्ही-मी सुद्धा काढू शकतो, फक्त काय काढायचं हे माहीत पाहिजे. पेटंट मिळायच्या आधी तपासनीस हरकती घेतो, त्याला एफईआर म्हणतात. त्या हरकतींना अर्जदार लेखी उत्तर देतो. ते उत्तर तिथंच राहतं. या कंपनीला तपासनीसानं एक जुना परदेशी कागद दाखवून विचारलं होतं, दरवाजा वजनानं बंद ठेवणारं यंत्र आधीच आहे, मग तुमचं नवं काय? कंपनीनं उत्तर दिलं होतं की आमच्यात स्प्रिंग आहे, वजन नाही, आणि वजनापेक्षा स्प्रिंग वेगळी नि सरस. असं म्हणून स्प्रिंग पहिल्या क्लेममध्ये घातली आणि पेटंट पदरात पाडून घेतलं.

घ्या. पेटंट घेताना वजन वेगळं, आणि पैसे मागताना वजन म्हणजे स्प्रिंगच!

दुसरा कागद फॉर्म २७. आपलं पेटंट भारतात वापरात आहे का, हे प्रत्येक पेटंटवाल्यानं सरकारला कळवायचं असतं. २०२४ च्या नव्या नियमांनी तो फॉर्म तीन वर्षांतून एकदा भरायचा झाला आणि त्यातली कमाईची रक्कम भरायची अटही गेली, पण आधीच्या वर्षांचे फॉर्म आहेत तसे आहेत. कंपनीनं एका वर्षी या पेटंटवरची स्वतःची कमाई नऊ लाखांच्या आसपास दाखवली होती. माझ्याकडून मागणी अठरा. सर म्हणाले, हा कागद कोर्टात कितपत वजनदार ठरेल ते सोडा, टेबलावर ठेवला की समोरच्याची मान जरा खाली जाते.

टक्केवारीवरही बरंच बोलणं झालं. माझा ड्रम ७८,००० चा. कडीचा खर्च १,१५०. सात टक्के ड्रमवर धरले तर ५,४६०, कडीवर धरले तर ऐंशी रुपये. मला वाटलं झालं, इथंच मिटलं. मॅडमनी थांबवलं. ज्या लाव्हाच्या निकालानं मला घाम फोडला होता त्यात रॉयल्टी अख्ख्या फोनच्या किमतीवरच लागली होती, १.०५ टक्के. तेव्हा हा मुद्दा मांडायचा, पण त्यावर घर बांधायचं नाही. बाकी तो निकाल माझ्या कामाचा नव्हता. तिथं मोबाइलला जोडणीसाठी जी तंत्रं वापरावीच लागतात त्यांची पेटंटं होती, ती टाळून फोन बनवताच येत नाही. माझ्या कडीतली स्प्रिंग मी तीन वर्षांपूर्वीच काढून फेकली होती. आणि तिथंही आठातलं एक पेटंट कोर्टानं अवैध ठरवलं होतं, ते नोटिशीत लिहायचं राहून गेलं वाटतं.

आता कॅलेंडरची गोष्ट. माझं कॅलेंडर मला माहीत होतं : जानेवारी ते एप्रिल. त्यांचंही एक कॅलेंडर आहे हे मॅडमनी शोधून काढलं. झालेल्या नुकसानीचे पैसे मागायला दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मी बोटं मोजली. जून २०२१ ला स्प्रिंग बंद, अधिक तीन म्हणजे जून २०२४. सगळं शिळं झालं की! मॅडम हसल्या. कोविडमुळं सुप्रीम कोर्टानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीच्या हिशोबातून वगळलाय. १० जानेवारी २०२२ चा आदेश. म्हणजे त्या मधल्या काळात विकलेल्या यंत्रांची तीन वर्षं १ मार्च २०२२ पासून मोजायची. ती संपणार फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीला. मार्च २०२० च्या आधीच्यांचं उरलंसुरलं मोजलं तर डिसेंबर २०१९ च्या अलीकडची तेवढी जिवंत. सगळी मिळून ९७ पैकी ४१.

त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं आणि २८ फेब्रुवारीवर पेनानं गोल केला. “तुम्हाला घाई आहे सीझनची. त्यांना घाई आहे या तारखेची. ही तारीख गेली की स्प्रिंगवाल्या एकाही यंत्राचे पैसे त्यांना सहजासहजी मागता येणार नाहीत, आणि वजनी कडीवर त्यांचा स्वतःचाच कागद आडवा येतो. फक्त तोवर आपण लेखी काही कबूल करायचं नाही. कबुलीनं मुदत नव्यानं सुरू होऊ शकते.”

एवढं ऐकल्यावर माझे दोन लाख माझ्या खिशात परत गेले. ३८,००० तिथंच वसूल झाले असं मी धरतो.

आता तक्रार. हे सगळं मॅडमनी सांगितलं खरं, पण उत्तराचा मसुदा त्यांच्या ऑफिसातल्या पोरानं केला. पत्रं दोन जायची होती. एक उघडं, ज्यात दावा अमान्य, कारणं अमुक. दुसरं ‘विदाउट प्रेज्युडिस’ असं वर लिहिलेलं, म्हणजे मिटवायच्या बोलण्यासाठी, जे उद्या माझ्याविरुद्ध कोर्टात दाखवता येऊ नये म्हणून. पोरानं उघड्या पत्रात लिहून ठेवलं, ‘आमच्या अशिलानं जून २०२१ पर्यंत स्प्रिंगयुक्त यंत्रं विकली असून...’ मसुदा मला मेलवर आला, ‘कृपया मान्यता द्या’. मुलगी जेवताना वाचत होती. तिनं भाकरी खाली ठेवली आणि म्हणाली, पप्पा, हे तर आपण लिहायचंच नव्हतं ना? रात्री दहाला फोन केला. मॅडमनी माफी मागितली, सकाळी नवा मसुदा आला. पण मुलगी नसती तर? मी इंग्रजी पत्रावर ‘ओके सर’ लिहून मोकळा झालो असतो. एक स्टार इथं गेला. मराठीत एक पानाचा सारांश सोबत द्या, असं मी नंतर सांगितलं, तेव्हापासून देऊ लागले. ते आधीच द्यायला काय हरकत होती?

उघड्या पत्रात आणखी एक गोष्ट होती. कंपनीनं माझ्या वसमतच्या डीलरला परस्पर मेसेज पाठवला होता की या माणसाची यंत्रं घेतलीत तर तुम्हीही अडकाल. डीलर घाबरला आणि चौदा ड्रमची ऑर्डर थांबवली. पेटंट कायद्यात कलम १०६ आहे : बिनबुडाच्या धमकीविरुद्ध ज्याला धमकी लागली तो स्वतः कोर्टात जाऊ शकतो. नुसतं ‘आमचं पेटंट आहे’ एवढंच कळवणं धमकीत बसत नाही, पण ‘अडकाल’ म्हणणं वेगळं. मॅडम म्हणाल्या, दावा लावू नका, कलमाचा उल्लेख करून ठेवा. मेसेज बंद झाले. ऑर्डर मात्र लगेच परत आली नाही.

दिल्लीच्या धमकीचं उत्तर प्रश्नातच निघालं. दिल्लीत, हरियाणात काही विकलंय का? नाही. ऑनलाइन पोर्टलवर फोटो आहे, तेवढंच. मग त्यांना सांगलीला यावं लागेल किंवा जिथं माल गेला तिथं. आणि सांगलीच्या कोर्टात दावा लावला की आम्ही पेटंटच रद्द करा असा प्रतिदावा लावायचा. तो लावला की सगळं प्रकरण कायद्यानंच हायकोर्टात जातं. तेव्हा कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालेलं नव्हतं, ते ऑगस्ट २०२५ मधलं. म्हणजे मुंबई. मला मुंबई लांब, त्यांना पेटंट गमवायची जोखीम. आधी मध्यस्थीला जावं लागेल का, हेही विचारलं. पुण्याकडच्याच पाटील ऑटोमेशनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलंय की व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. पण तातडीचा मनाई हुकूम मागितला तर ती पायरी गाळता येते, आणि पेटंटवाले तो मागतातच.

मनाई हुकमाची माझी भीती मात्र गेली नव्हती. माझा मेव्हणा आकुर्डीच्या बाजूला टूलरूममध्ये होता, त्याच्याकडून बजाज-टीव्हीएसचं ऐकलेलं. दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाचं पेटंट बजाजचं. टीव्हीएसनं फ्लेम नावाची गाडी आणली. फेब्रुवारी २००८ ला मद्रास हायकोर्टानं गाडी थांबवली, मे २००९ ला त्याच कोर्टाच्या खंडपीठानं ती बंदी उठवली, सप्टेंबर २००९ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं खटला रोज चालवून लवकर संपवा. आणि मिटलं कधी? २०१९ ला, आपसात. मधल्या काळात टीव्हीएसनं एकाच प्लगचं इंजिन बसवून गाडी विकायला काढली होती. दहा-अकरा वर्षं! त्यांना परवडतं. मला पहिले पंधरा महिनेही परवडले नसते.

हे बोललो तर सर म्हणाले, तुमचा ‘एक प्लग’ २०२१ पासूनच बाजारात आहे की. आणि त्यांनी नोटिशीचं नववं पान काढलं. त्यात कंपनीनं माझं पत्रक जोडलं होतं, ‘हा बघा पुरावा’ म्हणून. ते मी डिसेंबर २०२२ मध्ये मोशीच्या कृषी प्रदर्शनात वाटलं होतं आणि खाली तारीख छापलेली. दोन वर्षं माहीत असून गप्प बसलेला माणूस सीझनच्या तोंडावर ‘तातडी, तातडी’ ओरडू लागला तर न्यायाधीश विचारणारच, एवढे दिवस काय करत होतात?

जानेवारीत बोलणी सुरू झाली. तीन वेळा व्हिडिओवर, एकदा समोरासमोर. आकडे सांगत नाही. एवढं सांगतो की पहिल्या बैठकीत मॅडमनी आमचा आकडा सांगितलाच नाही. एफईआरच्या उत्तराची प्रत स्क्रीनवर लावली, फक्त ती ओळ पिवळी केलेली, आणि विचारलं, “यावर तुमचं काय म्हणणं?” त्यांचे वकील तुमच्या-माझ्यासारखेच गप्प झाले. त्यानंतरच्या आठवड्यात जी ऑफर आली ती नोटिशीतल्या ऑफरची नात शोभेल अशी होती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पणती आली.

मी विचारलं, मग देऊच नये की काही. १ मार्चपर्यंत ताणू. मॅडमनी हे माझ्यावर सोडलं, आणि दोन्हीकडचं मांडून दाखवलं. ताणलं तर ते २७ तारखेला दावा टाकूनही ठेवतील. मग ४१ यंत्रं जिवंत, वकिलाचा खर्च दर तारखेला, आणि वसमतचा डीलर ‘कोर्टात आहे’ एवढंच ऐकणार. मी रात्रभर विचार केला. कोर्टापेक्षा मला डीलरचं जास्त लागत होतं. चौदा ड्रम म्हणजे जवळजवळ अकरा लाखांचा माल शेडमध्ये उभा. मी म्हटलं मिटवा.

त्यांच्याकडून कराराचा मसुदा आला त्यात दोन कलमं खाली बारीक अक्षरात. एक, मी या पेटंटला कधीच आव्हान देणार नाही. दोन, कडीत पुढं मी जी काही सुधारणा करीन ती त्यांच्या मालकीची. दुसरं वाचून माझं डोकंच फिरलं. हळदीची भुकटी मी खाल्ली, शिव्या मी खाल्ल्या आणि सुधारणा यांची? मॅडमनी कलम १४० दाखवलं. लायसनच्या करारात वैधतेला आव्हान द्यायला बंदी आणि सुधारणा एकट्या त्यांनाच द्यायची सक्ती, दोन्ही कायद्याला मान्य नाहीत. दोन्हींवर काट मारून परत पाठवलं. हू की चू न करता मान्य झालं. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं, वाचतो का बघत होते.

वजनी कडीचं पेटंट मला मिळेल का, हेही मी विचारलं होतं. नाही. साडेतीन वर्षं बाजारात विकली, आता नवी राहिली नाही. अर्ज विकायच्या आधी करायचा असतो. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी माझ्यासारख्याला १,६०० रुपये. सोळाशे! शिवाय ती तपासनीसाला सापडलेली परदेशी कडी होतीच. ऐकून बरं वाटलं असं नाही.

दुसरी मोठी तक्रार पैशाची, आणि ही जास्त लागली. करारात रक्कम एका ओळीत होती, पुढं ‘अधिक लागू कर’. फर्ममधल्या एकालाही हे खटकलं नाही. सांगलीतल्या आमच्या सीएनं २५ फेब्रुवारीला बघितलं आणि फोनवरच ओरडला : यात मागच्या नुकसानीचे किती आणि पुढच्या लायसनचे किती? लायसनवर अठरा टक्के जीएसटी, रॉयल्टी म्हणून दहा टक्के टीडीएस कापायचा, नुकसानभरपाईचा हिशोब वेगळा. सगळं एकत्र लिहिलंत तर सगळ्यावर कर लागल्यासारखं होईल. तीन दिवस राहिले असताना पुन्हा समोरच्यांकडं जाऊन ओळ तोडून दोन ओळी कराव्या लागल्या. झाल्या, २७ ला पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या. पण पेटंटच्या तडजोडी करणाऱ्या फर्मला हे मी सांगायचं? आणखी एक स्टार गेला.

बिल एकूण : पहिली बैठक ४,०००, शोध आणि मत ३८,०००, दोन पत्रं २२,०००, बोलणी साडेचौदा तास, ताशी ६,००० प्रमाणे ८७,०००. झाले १,५१,०००, अधिक जीएसटी. तासाचा हिशोब सहा-सहा मिनिटांनी करतात. तपशिलात एक ओळ चार वेळा आली होती, ‘अशिलाचा संदेश वाचला : ६ मिनिटे’. मी बघितलं तर त्या तारखांना मी मॅडमना फक्त सुप्रभातचे गुलाब पाठवले होते. एका गुलाबाला सहाशे रुपये. फोन केला तर मॅडम हसून लोटपोट, चारही ओळी काढून टाकल्या. तेव्हापासून मी गुलाब पाठवत नाही.

वसमतची ऑर्डर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परत आली. चौदाची अकरा झाली होती, तीन गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. करारात डीलरबद्दल काही होतं का, ते विचारू नका.

जाणार असाल तर दुचाकीनं जा, चारचाकी लावायला जागा नाही. कागद मराठीत समजावून मागा, लाजू नका. सीए पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. आणि यंत्राचा भाग नेणार असाल तर आधी रॉकेलनं पुसून न्या. त्यांच्या बैठकीच्या पांढऱ्या टेबलावर माझ्या जुन्या कडीचा पिवळा ठसा अजून आहे, बिलात तो लावलेला नाही.